उपाशी हत्ती

मी डबी सरळ केली, तर माझ्या नदीकाठच्या ठाण्यावर हत्ती उभा होता.

माझ्या खांद्यावरून वाकून बघणारे सगळे एकदम कालवा करू लागले. कुणीतरी टाळक्यात टपली मारली आणि म्हणालं, "ईश्वरा, आबांनी हत्ती घातला की रं अंगावर." आबा इंगवले समोर पोत्यावर मांडी घालून बसले होते. ते हसले, पण माझ्याकडं बघितलं नाही. मिशीवरून बोट फिरवून फाटकाकडं बघत राहिले.

मी हरायला लागलोय म्हणून गप्प झालो असं सगळ्यांना वाटलं. मी गप्प झालो, कारण तो हत्ती सकाळी त्यांच्याकडं नव्हता.

हे कळायला आमचा संप माहीत पाहिजे आणि आमचा खेळही. आधी संप सांगतो.

हायवेला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीत आमची फौंड्री होती. भट्टीतून निघालेलं कास्टिंग ओबडधोबड असतं. त्याच्या कडांना चिकटलेलं जादा लोखंड ग्राइंडरनं घासून काढल्याशिवाय ते गिऱ्हाइकाकडं जात नाही. त्या घासण्याला फेटलिंग म्हणतात. ते आम्ही करायचो. दिवसभर काळी धूळ खायची, घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. भट्टीवाले आणि मोल्डिंगवाले परमनंट होते, आम्ही कंत्राटी. फाटक एकच, पण कंपनीच्या मस्टरवर आमची नावं नव्हती. कुणी खोकायला लागला की कंत्राटदार त्याला गावाकडं आराम करायला पाठवायचा. तो परत आलेला मी कधी बघितला नाही.

त्या वर्षी परमनंट आणि कंत्राटी पहिल्यांदाच एकत्र फाटकाबाहेर मांडव घालून बसले. त्यांना पगारवाढ पाहिजे होती, आम्हाला मस्टर. आबा युनियनचे अध्यक्ष. मोल्डिंगचा माणूस, आवाज असा की कंपनीचा भोंगा लाजावा. फेटलिंगला सोडून तडजोड करणार नाही, असं ते पहिल्या दिवशी ड्रमवर उभं राहून बोलले होते. त्या एका वाक्यावर आम्ही त्यांच्या मागं गेलो.

आता खेळ. डबी म्हणजे तळहातावर मावणारा व्हिडिओ गेम. मी तो जुन्या बाजारातून घेतला होता, एक कोपरा फुटलेला. आत एकच खेळ अडकून बसला होता, पत्त्यांच्या लढाईचा. त्यावरची अक्षरं जपानी होती का चिनी ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून पत्त्यांना नावं आम्हीच ठेवली. भालाईत, घोडा, तोफ. पाठीवर पोतं घेऊन वाकलेला एक माणूस होता, तो हमाल. हमाल लढत नाही. सैन्याला धान्य पोचवतो, बस्स. धान्य पोचलं नाही की ठाण्यावरचं सैन्य फेरीफेरीला वाळत जातं.

एका डबीवर दोघं खेळायचे. आपली चाल झाली की पडदा जमिनीकडं करून, पालथी घालूनच ती समोरच्याला द्यायची. सरळ दिली तर आपल्या हातातले पत्ते त्याला दिसतात. घेणाऱ्यानं 'घेतली' म्हणायचं, मग आपण हात सोडायचा. मांडवात बसून बसून हा रिवाजच होऊन गेला होता.

आबा रोज माझ्याशी खेळायचे. त्या खेळात आपला एखादा पत्ता जाळला की एक जादा चाल मिळते. आबा कायम हमाल जाळायचे. एकदा मी म्हटलं, सैन्य उपाशी मरंल की. ते म्हणाले, "उपास पडायच्या आत जिंकायचं असतंय. हमाल काय, मिळतोय दुसरा." आणि बऱ्याचदा जिंकायचेही.

हत्ती मात्र आमच्या दोघांकडंही नव्हता. पत्त्यांच्या यादीत त्याच्या जागी नुसती राखाडी सावली होती. तो मिळवायचा तर एकट्यानं डबीविरुद्ध किल्ल्याच्या वेढ्याची लढाई जिंकावी लागते. दोघांच्या डावासारखी ती मधे थांबवून ठेवता येत नाही, पण जिंकली की मिळालेला पत्ता चालू डावातही उतरवता येतो. डबी बंद पडली की पुन्हा पहिल्यापासून. मी संपाच्या सुरुवातीपासून त्या वेढ्याच्या मागं लागलो होतो आणि दरवेळी अर्ध्यावर लाल दिवा लागून डबी विझायची. मांडवात वीज नव्हती, कंपनीनं तोडली होती. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याकडं डबी चार्जिंगला टाकून यायची, एवढीच आमची सोय. म्हणजे ज्याला हत्ती पाहिजे त्यानं भिंतीतल्या सॉकेटला डबी लावून, कुणी न उठवता, दिवसभर एका जागी बसायला पाहिजे.

आणि आबा त्या दिवशी दिवसभर साहेबांशी भांडत होते.

सकाळी कंपनीचं बोलावणं आलं होतं. शहरातल्या ऑफिसात, फक्त अध्यक्षांनी यायचं. युनियनची जीप चालवणारा युनूस मुजावर तयार होता. निघताना आबांनी डबी मागितली, वाटेत वेळ जातो म्हणाले. मी दिली. जीप चालू झाली, पुढं गेली आणि थांबली. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "चार्जर पण दे रं."

तोही मी पळत जाऊन दिला.

ऊन कलताना ते परत आले. ड्रमवर चढले. घसा बसलाय असं म्हणाले, पण मला तो बसलेला वाटला नाही. सांगितलं ते असं. दिवसभर एकाच मुद्द्यावर घासाघीस झाली, फेटलिंगच्या. त्यांनी साहेबांना पाणी पिऊ दिलं नाही आणि स्वतःही प्यायले नाहीत. तीनदा उठून निघाले, तीनदा साहेबांनी हाताला धरून बसवलं. शेवटी पगारवाढ मिळाली, फेटलिंगचं मात्र 'पुढच्या वर्षी विचार करू' यावर अडलं. ते तरी लेखी घेतलंय. सकाळी हात वर करून ठरवायचं.

परमनंट लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही नाही वाजवल्या, पण शिव्याही दिल्या नाहीत. शिवाप्पा मामा आमच्यात सगळ्यात जुने, सीमेपलीकडून आलेले, दोन वाक्यांत एकदा खोकणारे. ते डोळे पुसून म्हणाले, "न्हाई मिळालं तर न्हाई. माणूस आपल्यापायी दिवसभर झुंजला. एवढं कोण करतंय." फेटलिंगचे सगळे त्यांचंच ऐकायचे. म्हणजे सकाळी आमचेही हात वर जाणार होते. कशासाठी? आबा झुंजले म्हणून. दुसरं काहीच आमच्या पदरात नव्हतं.

मग कुणीतरी म्हणालं, कालचा डाव अर्धा राहिलाय, होऊन जाऊ दे. आबांनी डबी काढली. पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते दिव्याकडं. हिरवा होता. पूर्ण भरलेली. मी मनात म्हटलं, असेल, ऑफिसात कुणाला तरी लावायला दिली असेल. काल मी जिंकत आलो होतो. आजही पहिल्या दोन चालींत मी त्यांचं घाटावरचं ठाणं घेतलं आणि बघणारे हसायला लागले. आबांना माणसांसमोर हरायला जमत नाही. त्यांनी डबी जवळ ओढली, बराच वेळ अंगठा फिरवला, पालथी घालून माझ्या हातात दिली.

हत्ती.

"आबा, हत्ती कुठनं आणला?"

"डबीत होता."

"डबीत न्हवता."

"वाटेत जीपमध्ये बटणं दाबत बसलो होतो. आला असंल त्यातनं. तुला न्हाई आला म्हणून पोटात दुखतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. घोडा मागं घेतला, डबी पालथी घातली. आबा 'घेतली' म्हणाले. मी हात सोडला नाही.

"समोर कोण कोण होतं आबा, आज?"

"कुठं?"

"ऑफिसात."

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. मॅनेजर होता, पर्सनल खात्याचा चष्मेवाला होता आणि पुण्याचा एक वकील होता, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, वकील काय म्हणाला. ते म्हणाले, "वकिलागत म्हणाला. तू चाल बघ की, का उलटतपासणी घेतोस?" आणि त्यांनी डबी माझ्या हातातून ओढून घेतली, आणखी एक हमाल जाळून हत्ती एक घर पुढं सरकवला. उरलेला डाव उद्या, असं म्हणून डबी माझ्या हातात दिली आणि उठून गेले.

मी बसून राहिलो. संशय एकदा आला की तो नुसता बसत नाही, सगळीकडं हिंडून येतो. आबांना पाणी प्यायलाही उसंत नव्हती, तर चार्जर कुणी लावला? तीनदा उठून निघाले, तर वेढा तीनदा मोडला कसा नाही? मग उलटंही मनात आलं. ऑफिसातल्या कुणा क्लार्कच्या हातात डबी दिली असेल, त्यानं जिंकून दिला असेल हत्ती. खरंच मी हरतोय म्हणून तर हे सुचत नसेल? आणि दिवसभर सोबत असलेल्या युनूसनं आल्यापासून एक शब्द का काढला नव्हता?

युनूस नळावर जीप पुसत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. बिडी दिली, त्यानं घेतली नाही. तोही त्यांच्यातलाच असेल तर मी विचारलेलं पाच मिनिटांत आबांच्या कानावर जाणार होतं. तरी विचारलं. तो म्हणाला, त्याला बाहेर शिपायाच्या बाकावर बसवलं होतं. आत फक्त आबा.

"आणि साहेब?"

"साहेब असतीलच की आत. मी दार बंद बघितलं."

"काही दिसलं न्हाई दिवसभर?"

तो फडका पिळत राहिला. मग म्हणाला, शिपाई दोन-तीनदा चहा घेऊन आत गेला. त्याच्यासमोरूनच ट्रे गेला.

"कप किती होते?"

त्यानं फडका थांबवला. "एकच."

मग तोच घाईघाईनं म्हणाला, साहेब लोक आपल्याबरोबर चहा पीत नाहीत, म्हणून असेल. मला ते पटलंसुद्धा असतं. पण मी विचारलं, आबांचा आवाज आला का बाहेर? ज्या आवाजानं फौंड्रीतली भट्टी ऐकू येत नाही, तो आवाज. दार लाकडाचंच होतं ना?

युनूस नळ बंद करायला वाकला तो वर बघेना. "आला न्हाई," म्हणाला. आणि निघताना माझ्या दंडाला धरून, "ईश्वर, मी परमनंट हाय. मला यात घेऊ नको."

शिवाप्पा मामांना सांगितलं तर ते चिडले. "खेळण्यातल्या हत्तीवरनं तू माणसाला फितूर ठरवतोस? उद्या म्हणशील पत्त्यातल्या राजानं सांगितलं." खोकून घेतलं आणि म्हणाले, चहा न पिणारे साहेब त्यांनी खूप बघितलेत. माझ्याकडं पाठ करून झोपले. मला त्यांचा राग आला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर जगलेला माणूस, त्याला तेवढा एक शब्दही माझ्यामुळं सोडायचा नव्हता.

सकाळी भोंग्याच्या आधी सगळे फाटकाशी जमले. आबा ड्रमवर चढले आणि परत तेच सांगितलं, दिवसभराची झुंज. हात वर करा म्हणायच्या आत मी बोललो.

पहिल्यांदा हत्तीचंच सांगायला गेलो. वेढा, सॉकेट, लाल दिवा. अर्ध्यातच हसायला लागले लोक. मोल्डिंगचा एकजण म्हणाला, याला संपात बसवून बसवून डोकं फिरलंय, याला आधी आत घ्या. आबाही हसले. मी तिथंच थांबलो आणि साधं विचारलं.

"आबा, काल आत चहा आलता?"

"आलता. मग?"

"सगळ्यांनी घेतला?"

"साहेबांनी घेतला, मी घेतला. पाणी न्हाई म्हणलं, चहा न्हाई म्हणलं नव्हतं." पुन्हा हशा.

मी युनूसकडं वळलो. तो लोकांच्या मागं, जीपला टेकून उभा होता. मी त्याचं नाव घेतलं. घेऊ नको म्हणाला होता, तरी घेतलं. सगळ्या माना तिकडं फिरल्या. तो बुटांकडं बघत होता. मला वाटलं हा आता मला खोटं पाडणार.

"ट्रेमध्ये कप किती होते युनूसभाई?"

आबा वरून म्हणाले, "कपं मोजायला गेलता व्हय रं तू?"

ते बोलले नसते तर युनूस कदाचित बोललाच नसता. त्यानं मान वर केली.

"एकच होता आबा. दरवेळी. आणि आत बारीक बाजा वाजत होता, ह्या डबीचा वाजतोय तसला. मला वाटलं साहेबाचा फोन."

आता सगळ्यांना कळलं. समोर कुणी नव्हतंच. कागद आधीच टाइप झालेला होता, कुणीतरी झुंजलं असं दिसायला फक्त दिवस काढायचा होता, आणि तो आबांनी माझ्या डबीवर काढला होता. आबांनी नाही म्हटलं नाही. एवढा एकच प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला. ते लोकांकडं बघून म्हणाले, "पगारवाढ पाहिजे का नको, तेवढं बोला."

आणि हात वर गेले.

मोल्डिंगचे गेले, भट्टीचे गेले. काही पटकन, काही इकडंतिकडं बघून. सगळं ऐकून, समजून गेले. युनूसचाही गेला. खरं बोलून झाल्यावर. फेटलिंगचा एकही हात वर नव्हता, पण आम्ही होतो किती. भोंगा झाला. फाटक उघडलं. ज्यांच्या शेजारी बसून आम्ही एका ताटात भाकरी खाल्ली ते आमच्या अंगावरून आत गेले.

आमचे लोक पोती गुंडाळायला लागले. कुणी गावाची गाडी किती वाजता आहे ते विचारत होता. मी तिथंच बसलो. शिवाप्पा मामा येऊन शेजारी टेकले. माफी वगैरे काही नाही. हात पुढं केला. "कुठाय तुझा हत्ती, बघू."

मी दाखवला. ते डबी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"लईच थोराड हाय. खातो किती?"

"सगळ्यात जास्त."

"आणि आणून कोण देतं?"

"हमाल."

"आबाकडं हमाल किती ऱ्हायले?"

"एक पण न्हाई मामा. जाळले सगळे."

मामांनी डबी माझ्या हातात दिली. आत भट्टी पेटली होती, धुराड्यातून पहिला धूर निघत होता. ते त्या धुराकडं बघत होते. मग त्यांनी आपलं गुंडाळलेलं पोतं सोडलं, झटकलं, परत तिथंच अंथरलं आणि वर बसले.

"मग उठायचं कशाला," म्हणाले.

मामा बसले म्हणून बाकीचे बसले. आम्ही मस्टरवर नव्हतो, त्यामुळं त्यांचा करार आम्हाला लागू नव्हता. हे कंपनीच्या वकिलाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी आम्ही बसून राहू असं त्याला वाटलं नसेल.

पुढचं सगळं फाटकातून दिसत होतं. भट्टी रात्रंदिवस चालू, कास्टिंग निघतंय, आणि घासायला कुणी नाही. आधी शेडमध्ये ढीग झाला, मग शेडबाहेर, मग कुंपणाच्या भिंतीला टेकून. गिऱ्हाइकांच्या गाड्या रिकाम्या उभ्या राहायला लागल्या. कंत्राटदारानं वीटभट्टीवरची माणसं आणली. ग्राइंडर हातात धरणं म्हणजे वीट उचलणं नव्हे. त्यांनी चांगला माल खराब केला, एकाचं बोट गेलं, आणि ते आपण होऊन पळाले. आम्ही उपाशीच होतो. शेजारच्या वस्तीतल्या बायका भाकऱ्या आणून द्यायच्या, त्यावर निघायचं.

एकदा आबा फाटकाबाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "किती ताणणार ईश्वरा? तुझ्या लोकांचे हाल बघ."

मी खिशातून डबी काढली, पालथी घातली आणि पुढं केली. "तुमची चाल आहे."

ते तिच्याकडं बघत राहिले. 'घेतली' म्हणाले नाहीत. आत निघून गेले. तो डाव अजून तसाच आहे.

शेवटी आम्हाला बोलावणं आलं. मस्टर मिळालं. सगळ्यांना एकदम नाही, भांडून, तुकड्यातुकड्यांनी. आणि मामांचं नाव लागलं तेव्हा त्यांच्या छातीत फारसं काही उरलं नव्हतं. पण मला ती पहिली बैठक आठवते. आम्ही पाचजण गेलो होतो. तीच खोली. मऊ सोफा, गार हवा. मी सोफ्याच्या मागं वाकून बघितलं. भिंतीत, हाताला सहज लागेल असं, सॉकेट होतं.

मॅनेजर समोर बसला होता आणि त्याच्या शेजारी चष्मेवाला. कागद पुढं सरकवला. तोही टाइप केलेला होता. तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला. मामांनी कागदाला हात लावला नाही. ट्रे आपल्याकडं ओढला आणि बोटानं एक-एक कप मोजला. पाच होते.

"साहेबांचं कप न्हाईत यात," ते म्हणाले. "आणा. तोवर आम्ही बोलत न्हाई."

मॅनेजर म्हणाला तो चहा घेत नाही. मामांनी खोकून घेतलं, सोफ्याला टेकून बसले आणि डोळे मिटले.

बराच वेळ गेला. मग मॅनेजरनं हात लांब करून बेल दाबली.